दोन चादरी

फौजी माणूस अल्लाहला प्यारा झाला की लोक आई-वडिलांना भेटायला येतात, पत्नीचे सांत्वन करतात, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवतात. ते योग्यच आहे. बहीण-भाऊ मात्र त्या वेळी चटया अंथरत असतात, आलेल्यांना पाणी देत असतात. त्यांचा भाऊ गेला आहे, हे कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. आम्हा भावंडांना याचा अनुभव आहे.

आमच्या कोकणात मुलगा हाताशी आला की बोटीवर किंवा आखातात जातो. आमचे भाईजान फौजेत भरती झाले आणि आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर झाले. श्रीनगर ते लेह हा चारशे किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्ता त्यांच्या पायाखालचा होता. हिवाळ्यात जोजिला खिंड बर्फाने बंद व्हायची. म्हणून रस्ता उघडा असेल तेवढ्या महिन्यांतच पलीकडच्या जवानांसाठी पीठ, डाळ, रॉकेल असा पुढच्या हिवाळ्याचा साठा पोहोचवायचा. बंदुकीपेक्षा स्टिअरिंगच जास्त हातात राहिले, असे ते हसून सांगत. त्यांच्या पत्रावर गावाचे नाव नसे, फक्त नंबर, युनिट आणि ‘५६ एपीओ’. अम्मी आम्हाला नकाशात हे ५६ एपीओ शोधायला सांगायची!

भाईजान निवृत्त होऊन घरी आले, पुढे आजारपणात गेले. मागे राहिली काळी लोखंडी ट्रंक. आत गरम कोट, दोन कांबळी, बूट आणि पत्रांचा गठ्ठा. थोरल्या आपाचे म्हणणे, यातली सुईसुद्धा हलवायची नाही. धाकट्याचे म्हणणे, वस्तू वापरात गेल्या तर भाईजानना सवाब मिळेल. दोघांचेही प्रेम खरेच होते.

अशा वेळी हजरत सफिया (रजि.) यांची आठवण होते. हिजरी ३ मध्ये उहुदच्या लढाईत त्यांचे सख्खे भाऊ हजरत हमजा (रजि.) शहीद झाले. शत्रूने मृतदेहाची विटंबना केली होती. बहिणीला ते पाहवणार नाही, म्हणून प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचे पुत्र हजरत जुबैर (रजि.) यांना त्यांना अडवायला पाठवले. सफिया (रजि.) यांनी भावाच्या कफनासाठी दोन चादरी आणल्या होत्या. पण हमजांच्या शेजारी एक अन्सारी शहीद तशाच अवस्थेत होते आणि त्यांच्यासाठी कफन नव्हते. एकाला दोन चादरी आणि दुसऱ्याला एकही नाही, याची सर्वांना लाज वाटली. एक चादर मोठी होती, एक लहान. चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्याच्या वाट्याला जी आली तिच्यात त्याला कफन दिले.

बहिणीने भावासाठी आणलेल्या कपड्यात परक्याच्या भावाचाही वाटा निघाला. हमजांचा मान त्याने तसूभरही कमी झाला नाही.

आम्ही आधी भाभी आणि मुलांना विचारले. मुले जाणती आहेत, आणि सामान वारसांचे असते, भावंडांचे नव्हे. त्यांच्या राजीखुशीने कांबळी आणि कोट गरजूंना दिला. ट्रंक गावातला एक मुलगा घेऊन गेला. तो नुकताच फौजेत भरती झाला होता. पत्रे घरीच ठेवली. आपा ती तारखेप्रमाणे लावते आणि भाच्यांना वाचून दाखवते.

पतीसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत आहे; इतर नातलगांसाठी तीन दिवसांपलीकडे सोग नाही. पण दुआ करायला मुदत नाही, आणि मरहूमच्या नावाने सदका करायलाही नाही. तुमच्याही घरात अशी एखादी ट्रंक असेल तर भावंडांनी एकत्र बसून ती उघडावी. वारसांना विचारून, जे दुसऱ्याच्या अंगावर ऊब देईल ते देऊन टाकावे. त्यांच्या हातचे अक्षर मात्र जपून ठेवावे.

अल्लाह सर्व मरहूम भावंडांची मगफिरत करो. आमीन.