पुण्यातलं सॉफ्टवेअर आणि टेक्सासचा कर: क्लाउडवर कमावणाऱ्या आपल्या मुलांनी काय लक्षात ठेवावं?

मागच्या सुट्टीत आमचा एक जुना विद्यार्थी घरी भेटायला आला. दहावीला आमच्याच वर्गात होता. आता पुण्यात दोन मित्रांबरोबर छोटी कंपनी चालवतो. दुकानातला माल, बिलं आणि उधारी सांभाळणारं सॉफ्टवेअर त्यांनी तयार केलं आहे. ते सीडीवर येत नाही, कॉम्प्युटरमध्ये टाकावंही लागत नाही. ब्राउझर उघडायचा, पासवर्ड टाकायचा आणि दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची. यालाच क्लाउड सबस्क्रिप्शन म्हणतात. त्यांची बरीचशी गिऱ्हाइकं अमेरिकेत आहेत. त्यातल्या टेक्सासच्या एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटने विचारलं होतं, "तुमच्या बिलावर सेल्स टॅक्स का नाही?"

"सर, आम्ही पुण्यात बसतो. तिथं आमचं ना ऑफिस, ना माणूस. टेक्सासचा टॅक्स आम्हाला कसा लागेल?" मुलगा हसत विचारत होता, पण चेहऱ्यावर काळजी होती.

त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. नंतर कायदा आणि निकाल वाचले, तेव्हा कळलं की काळजी योग्यच होती. हा मसला एकट्या त्याचाही नाही. मालेगाव, भिवंडी, रत्नागिरीपासून पुण्या-मुंबईपर्यंत आपल्या घरांतली मुलं आता घरबसल्या परदेशात सॉफ्टवेअर विकू लागली आहेत. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडतो आहोत.

एक देश, पण कर प्रत्येकाचा वेगळा

आपल्याकडे १ जुलै २०१७ पासून जीएसटी आहे. आमच्या शाळेने फीचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलं, तर बिलावर १८ टक्के लागतात. शाळा कोल्हापूरची असो की कोलकात्याची, दर तोच. अमेरिकेत तसं नाही. तिथं केंद्र सरकारचा विक्रीकरच नाही. ५० पैकी ४५ राज्यं आपापला कर लावतात. अलास्का, डेलावेअर, मोंटाना, न्यू हॅम्पशायर आणि ओरेगन या पाच राज्यांत राज्याचा विक्रीकर नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी जिल्हा आणि शहर वरून स्वतःचा कर जोडतात.

हे कायदे मुळात ज्या वस्तूला हात लावता येतो, तिच्यासाठी लिहिलेले आहेत. कपडे, खुर्ची, रेडिओ. आता दूरच्या सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर ही वस्तू म्हणायची की सेवा? प्रत्येक राज्याने याचं उत्तर आपल्या सोयीने दिलं आहे.

समजा महिन्याला १०० डॉलरचं सबस्क्रिप्शन आहे. गिऱ्हाईक लॉस एंजेलिसचं असेल तर कर शून्य, कारण कॅलिफोर्नियाच्या लेखी यात हाताला लागणारी वस्तूच नाही. तेच गिऱ्हाईक न्यूयॉर्क शहरात असेल तर ८.८७५ टक्के, म्हणजे जवळपास ८ डॉलर ८८ सेंट. न्यूयॉर्क म्हणतं, सर्व्हर कुठंही असो, वापरणारा आमच्या राज्यात बसून सॉफ्टवेअर चालवतो, म्हणजे तयार सॉफ्टवेअर त्याच्या ताब्यात आलं. पेनसिल्व्हेनियाचं म्हणणंही साधारण असंच. तिथं राज्याचा दर ६ टक्के आणि फिलाडेल्फियात एकूण ८.

टेक्सासने तिसराच मार्ग धरला. तिथं अशा सबस्क्रिप्शनला 'डेटा प्रोसेसिंग' सेवा मानतात आणि त्यातल्या २० टक्के रकमेला सूट देतात. म्हणजे १०० डॉलरच्या बिलात कर फक्त ८० डॉलरवर. ऑस्टिन शहरात एकूण दर ८.२५ टक्के, म्हणून कर ६ डॉलर ६० सेंट. कनेक्टिकटमध्ये धंद्यासाठी घेतलं तर १ टक्का, घरगुती वापराला ६.३५ टक्के. ओहायो धंद्याच्या वापरावर कर लावतं, तर आयोवा धंद्याला सूट देऊन घरगुती वापरावर लावतं. इलिनॉय राज्य क्लाउड सॉफ्टवेअरवर कर लावत नाही, पण त्याच राज्यातलं शिकागो शहर लावतं. दुसऱ्याचा कॉम्प्युटर वापरणं म्हणजे तो भाड्याने घेणं, असा त्या शहराचा हिशोब. हा दर त्यांनी १ जानेवारी २०२५ ला ९ वरून ११ टक्के केला.

वस्तू तीच, किंमत तीच. फक्त गिऱ्हाइकाची खुर्ची बदलली की कर बदलतो.

ऑफिस नसलं तरी कर कसा?

आता आमच्या विद्यार्थ्याचा खरा प्रश्न. काही वर्षांपूर्वी त्याचं म्हणणं बरोबर ठरलं असतं. १९६७ मध्ये आणि पुन्हा १९९२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं होतं की विक्रेत्याचं राज्यात दुकान, गोदाम किंवा माणूस असेल, तरच राज्य त्याला कर गोळा करायला लावू शकतं. १९९२ चा खटला क्विल नावाच्या कंपनीचा. ती कॅटलॉग पाठवून ऑफिसचं सामान विकायची. गंमत म्हणजे नॉर्थ डकोटातल्या काही गिऱ्हाइकांकडे ऑर्डर देण्यासाठी कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या फ्लॉपी होत्या. तेवढ्याने कंपनीची तिथं हजेरी होते, असं मानायला कोर्ट तयार झालं नाही.

२१ जून २०१८ ला चित्र पालटलं. साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात त्याच कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी जुना नियम मोडीत काढला. साउथ डकोटाचा कायदा असा होता की वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री किंवा २०० व्यवहार झाले, की बाहेरच्या विक्रेत्यानेही कर गोळा करावा. त्यानंतर विक्रीकर लावणाऱ्या सगळ्या राज्यांनी अशा मर्यादा आणल्या. अनेक ठिकाणी ती १ लाख डॉलर आहे, टेक्सास आणि कॅलिफोर्नियात ५ लाख. न्यूयॉर्कला ५ लाख डॉलर आणि त्याबरोबर १०० पेक्षा जास्त विक्री, अशा दोन्ही अटी आहेत. २०० व्यवहारांची अट काही राज्यांनी नंतर काढून टाकली. खुद्द साउथ डकोटाने ती २०२३ मध्ये काढली.

या मर्यादा परदेशी विक्रेत्यालाही लागू होतात. भारत आणि अमेरिकेत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे ना, असं काहीजण म्हणतील. तो करार आयकराचा आहे, राज्यांच्या विक्रीकराशी त्याचा संबंध नाही. तसंच इथं निर्यात म्हणून जीएसटी शून्य लागतो, म्हणून तिथलाही कर माफ होतो असं नाही. दोन्ही हिशोब वेगळे.

आपणही याच रस्त्याने आलो

अमेरिकेला हसायचं कारण नाही. सॉफ्टवेअर वस्तू की सेवा, हा वाद आपल्याकडेही रंगला होता. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात २००४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं की सीडीवर विकलं जाणारं तयार सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे आणि तिच्यावर राज्याचा विक्रीकर लागतो. मग २००८ मध्ये केंद्राने सॉफ्टवेअर सेवेवर सेवाकर आणला. राज्य म्हणे वस्तू, केंद्र म्हणे सेवा, आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर कधी कधी दोन्ही कर. जीएसटी आल्यावर हा झगडा मिटला. जीएसटीच्या बाकी तक्रारी असतील, आमच्याही आहेत. शालेय शिक्षण करमुक्त असल्यामुळे सॉफ्टवेअरवर भरलेले १८ टक्के शाळेला परत मिळत नाहीत. पण निदान दर किती आणि कुठे भरायचा, हे तरी एका वाक्यात सांगता येतं.

डावावर काय आहे?

विक्रीकर हा विक्रेत्याचा खर्च नाही. तो गिऱ्हाइकाने द्यायचा असतो, विक्रेता फक्त गोळा करून सरकारजमा करतो. पण मर्यादा ओलांडूनही गोळा केला नाही, तर राज्य तो विक्रेत्याच्या खिशातून मागू शकतं, वर व्याज आणि दंड वेगळा.

हिशोब करून पाहा. समजा एखाद्या कंपनीने टेक्सासची मर्यादा ओलांडली आणि पुढच्या वर्षी तिथं ६ लाख डॉलरची विक्री केली. ८० टक्के रकमेवर राज्याचा ६.२५ टक्के दर, म्हणजे एकूण विक्रीच्या ५ टक्के. झाले ३० हजार डॉलर. स्थानिक कर यात धरलेलाच नाही. बिलावर ती ओळ छापली असती, तर हे पैसे गिऱ्हाइकाने दिले असते. आता तीन मित्रांनी आपल्या बचतीतून द्यायचे. शिवाय विवरणपत्रच भरलेलं नसेल, तर साधारणपणे मुदतही संपत नाही. पाच वर्षांनीही नोटीस येऊ शकते.

मोठ्या कंपन्यांकडे यासाठी वकील आणि कर मोजणारी वेगळी यंत्रणा असते. तीन मुलांच्या कंपनीकडे काय असतं? म्हणून हा गोंधळ सगळ्यांत जास्त लहानांनाच भोवतो. राज्यांचीही बाजू आहे. विक्रीकर हा त्यांच्या उत्पन्नाचा मोठा आधार, आणि लोकांची खरेदी दुकानातून पडद्यावर गेली. मेरीलँडने तर १ जुलै २०२५ पासून डेटा आणि माहिती-तंत्रज्ञान सेवांवर ३ टक्के कर सुरू केला. पण कर घ्यायचाच असेल, तर नियम लहान माणसाला समजेल असा हवा. तो आज तसा नाही.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, प्रत्येक गिऱ्हाइकाचा पूर्ण पत्ता आणि सॉफ्टवेअर वापरणारे लोक कोणत्या राज्यात बसतात, याची नोंद ठेवा. दुसरी, दर तीन महिन्यांनी राज्यवार विक्रीचा तक्ता काढा. आमच्या विद्यार्थ्याने तो काढला, तेव्हा टेक्सासची मर्यादा अजून बरीच दूर निघाली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. पण १ लाखाची मर्यादा असलेलं एक राज्य जवळ आलेलं दिसलं. वेळीच दिसलं, हे महत्त्वाचं.

तिसरी, करारात 'कर वेगळा' हे शब्द पहिल्या दिवसापासून असू द्या. चौथी, नोंदणी नसताना कराच्या नावाने पैसे घेऊ नका आणि घेतलेला पैसा धंद्यात फिरवू नका. तो आपला नाही, अमानत आहे. पाचवी, ॲप स्टोअरमधून विक्री होत असेल, तर बहुतेक वेळा कर गोळा करण्याची जबाबदारी त्या स्टोअरवर असते, पण ते करारात वाचून खात्री करा. साउथ डकोटासह वीसहून अधिक राज्यांनी नोंदणीसाठी एकच अर्ज ठेवला आहे, त्याचाही उपयोग होतो. आणि उशीर झालाच असेल, तर नोटीस येण्याआधी स्वतःहून पुढे या. बहुतेक राज्यं अशा विक्रेत्याचा दंड माफ करतात आणि ठरावीक मागच्या वर्षांपुरताच कर घेतात. यासाठी तिथल्या जाणकार सल्लागाराची फी देणं परवडतं.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वाचकांसाठीही एक गोष्ट. तुमची मशीद किंवा रविवारची शाळा केंद्राच्या आयकरातून मुक्त असली, तरी विक्रीकरातून ती आपोआप मुक्त होत नाही. न्यूयॉर्कमध्ये संस्थेला राज्याचं वेगळं प्रमाणपत्र मिळू शकतं. कॅलिफोर्नियात धर्मादाय संस्थांना सरसकट सूट नाही. वर्गणी किंवा हजेरीचं सॉफ्टवेअर घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम विचारून घ्या. चंद्याच्या पैशातून न लागणारा कर कशाला जाऊ द्यायचा?

जाताना तो मुलगा म्हणाला, "सर, कोडिंग शिकवणारे खूप भेटले, बिल कसं करायचं ते कुणी शिकवलं नाही." हे आम्हा शिक्षकांनाही लागू आहे. आपण मुलांना कॉम्प्युटरच्या क्लासला घालतो, ते चांगलंच. त्याच्याबरोबर एक वही हिशोबाचीही द्यायला हवी.