गुठळीला नशीब म्हणू नका

सिझेरियन नीट झालं, बाळ ठणठणीत, आणि घरी आल्यावर चार दिवसांनी बाई धाप लागून कोसळली. वस्तीत अशी बातमी आली की दोन वाक्यं ठरलेली : "हार्टफेल झालं" आणि "अल्लाहची मर्जी."

मर्जीवर माझंही ईमान आहे. पण पायाच्या शिरेत गोठलेलं रक्त सुटून फुप्फुसात अडकलं असेल, तर हा धोका आहे का, हे आधी कुणी तपासलं? इलाज करा, हा तर हदीसमधलाच हुकूम.

इंग्लंडमध्ये 2005 साली संसदेच्या समितीने सांगितलं की दवाखान्यातल्या गुठळ्यांनी वर्षाला सुमारे 25,000 माणसं मरतात. 2010 पासून प्रत्येक दाखल प्रौढ रुग्णाचा धोका तपासून सरकारला आकडे देणं सक्तीचं झालं. सुरुवातीला निम्म्या रुग्णांचीही तपासणी होत नव्हती. तीन वर्षांत प्रमाण 95 टक्क्यांवर गेलं. डॉक्टर तेच होते, सक्ती नवी होती. अमेरिकेत फ्लोरिडानेही 2025 मध्ये असा कायदा केला.

आपल्याकडे? महाराष्ट्राने 2010 चा केंद्रीय कायदा स्वीकारलेला नाही, 1949 च्या नर्सिंग होम कायद्यावर काम चाललंय. 2021 च्या नियमांनी रुग्णहक्कांची सनद भिंतीवर आली. गुठळीची तपासणी मात्र डॉक्टरच्या आठवणीवर.

आता आपल्या घरातला अवघड विषय. गुठळी टाळण्यासाठी पोटात देतात ती हेपारिन, एनोक्सापॅरिन ही इंजेक्शनं बहुतेक डुकराच्या आतड्यापासून बनतात. दवाखाने हे सांगत नाहीत, आणि ज्यांना कळतं त्यातले काही "हराम आहे" म्हणून हात आखडतात. दोघांवरही माझा राग आहे. जीव वाचवायच्या मजबुरीत सूट कुराणनेच दिली आहे. औषध बनताना मूळ पदार्थ पालटतो, असंही अनेक आलिम मानतात. शिवाय फोंडापॅरिनक्स हे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध आहे, प्रत्येकाला चालेलच असं नाही, पण विचारता येतं. विचारायला आधी माहिती तर हवी!

म्हणून कायदा हवा. दाखल होताना केसपेपरवर गुठळीचा धोका लिहिलेला हवा, औषध कशापासून बनतं ते रुग्णाला सांगायला हवं, आणि डिस्चार्जच्या कागदावर पाय सुजला, छातीत दुखलं तर लगेच या, हे मराठीत छापायला हवं. मालेगाव-भिवंडीत उर्दूतही.