ओझोनचं छिद्र बुजतं कधी?

सप्टेंबर उजाडला की अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या छिद्राची बातमी येते आणि तिच्यात ठळक असतं ते क्षेत्रफळ. यंदा मोठं की लहान, एवढ्यावर चर्चा आटोपते. तिथल्या जिवांच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न तारखेचा आहे: त्या वर्षीचं छिद्र बुजलं कधी?

ध्रुवीय हिवाळ्यात स्थितांबराचं तापमान उणे 78 अंशांखाली जातं, तिथे ढग बनतात आणि क्लोरोफ्लुरोकार्बन (सीएफसी) वायूंतून आलेला क्लोरीन त्या ढगांच्या कणांवर सक्रिय होतो. वसंतातलं ऊन पडताच तो अतिनील किरण अडवणाऱ्या ओझोनचा फडशा पाडू लागतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात छिद्र सर्वांत मोठं असतं खरं, पण तेव्हा सूर्य खाली असतो आणि शेवाळावर बर्फाचं पांघरूण असतं. डिसेंबरात सूर्य वर चढलेला असतो, किनाऱ्यावरचा बर्फ वितळलेला असतो, पेंग्विनची पिल्लं उघड्यावर असतात. पिसं आणि फर अंग झाकतात, डोळे नाही. शेवाळ तर जागचं हलूही शकत नाही. ते अतिनील किरण शोषणारी रंगद्रव्यं तयार करतं आणि त्यात खर्ची पडलेली ताकद वाढीला उरत नाही.

2020 पासून सलग चार वर्षं छिद्र डिसेंबरातही रेंगाळलं. अंटार्क्टिकातल्या, 64 अंश दक्षिण अक्षांशावरच्या पामर केंद्रावर तर वसंतात अतिनील निर्देशांक कधी कधी कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगोच्याही वर गेला आहे.

सीएफसींना आळा घालणारा 1987 चा माँट्रियल करार यशस्वी ठरला, यात शंका नाही. पण सीएफसी हवेत दशकानुदशकं टिकतात. अंटार्क्टिकावरचा ओझोन 1980 च्या पातळीवर यायला 2066 उजाडेल, असा अंदाज आहे. तोवर राखण हवीच. 1985 मध्ये छिद्र जगासमोर आलं, कारण ब्रिटिशांच्या हॅली केंद्रावर 1950 च्या दशकापासून न चुकता मोजमाप चालू होतं. बंदी असलेल्या सीएफसी-11 चं छुपं उत्सर्जन 2018 मध्ये उघड झालं, तेही मोजमाप थांबलं नव्हतं म्हणूनच.

आपला हवामान विभागही अंटार्क्टिकातल्या मैत्री केंद्रावरून फुग्यांना ओझोनमापकं बांधून सोडत आला आहे. या कामाला पैसा आणि माणसं कमी पडता कामा नयेत. क्षेत्रफळासोबत छिद्र बुजल्याची तारीख आणि जमिनीवर पोचलेल्या अतिनील किरणांचं प्रमाणही दरवर्षी लोकांपुढे यायला हवं. अंटार्क्टिकातल्या जिवांना करार कितपत फळला, हे त्या दोन नोंदींवरूनच ठरणार आहे.