पन्नास हजारांचं बूच

"एकदा कानात घालून बघ, मग बोल." महागड्या इअरफोनच्या वादात हे वाक्य कधी ना कधी येतंच, आणि ते टाकून झालं की बोलणारा निकाल लागल्यासारखा मागे टेकून बसतो. गेल्या दिवाळीत माझ्या एका मित्रानं मला ते ऐकवलं. हातात मखमली अस्तराची डबी, डबीत 50,000 रुपयांची इन-इअर जोडी. मी घातली, ऐकली. सुरेख वाजत होती. तरीही बोलतो.

त्याच संध्याकाळी आम्ही रीतसर परीक्षा घेतली. एका बाजूला त्याची जोडी, दुसऱ्या बाजूला माझी 1,800 रुपयांची. फोन एक, डोंगल एक, आधी नुसता तानपुरा आणि मग विलंबित ख्यालाची दहा मिनिटं. माझ्या डोळ्यांवर पंचा, जोड्या बदलायला भाचा. पहिल्याच फेरीत महागडी जोडी मी बिनचूक ओळखली. मित्राचा चेहरा खुलला. भाच्यानं विचारलं, "मामा, कशावरून ओळखलंस?" खरं उत्तर द्यायला जरा लाज वाटली. वजनावरून ओळखलं होतं. धातूचा तो थंडगार दाणा कानाला टेकला तेव्हा तानपुरा सुरूही झाला नव्हता.

दुसरी गफलत भाच्याच्या लक्षात आली. फोनवरचा आवाज तेवढाच ठेवला तरी मित्राची जोडी मोठ्यानं वाजत होती. दोन आवाजांतला किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक भरदार, अधिक स्वच्छ वाटतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आम्ही अंदाजानं आवाज सारखे केले तेव्हा दोघांत फरक उरला, पण तो 'वेगळं'चा होता, 'वरचढ'चा नव्हता. माझ्या जोडीत खर्ज थोडा जास्त, त्याच्या जोडीत तारेचा झणत्कार थोडा पुढे. 48,200 रुपयांचा फरक काही केल्या सापडला नाही.

सांगायचं ते हे की 'कानात घालून बघ' ही परीक्षाच कच्ची आहे. कानात घालताना किंमत आधी हाताला आणि कातडीला कळते, मग कानाला. अभ्यासकांनी यावर नामी तोड काढली. हरमन कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 30 प्रकारच्या इन-इअर हेडफोनांचा आवाज मोजला, आणि ऐकणाऱ्यांना एकाच हेडफोनातून त्या सगळ्यांची हुबेहूब नक्कल ऐकवली. आता ना वजन, ना डबी, ना नाव. 71 जणांनी गुण दिले. कुठला सूर किती जोरात वाजतो याचा आलेख पाहिला की हे गुण बऱ्याच अचूकपणे आधीच सांगता येतात, असं निघालं. (हरमन स्वतः हेडफोन विकते, हे विसरू नये. पण 'किमतीकडे नका बघू, आलेख बघा' हा निष्कर्ष महाग माल विकणाऱ्याच्या फार सोयीचा नाही.)

मग हा आलेख पैशानं सुधारतो का? येरून ब्रेबार्ट या संशोधकानं 2017 साली 283 हेडफोनांचे आलेख त्यांच्या किमतींशेजारी मांडले. कान झाकणारे, कानावर टेकणारे, कानात जाणारे, सगळेच त्यात होते. किंमत आणि आलेख यांत नातं सापडलं नाही, आणि तेच त्याच्या निबंधाचं शीर्षक आहे.

आता पूर्वपक्षाची खरी तोफ: 'बारकावे'. महागड्या जोडीत गायकाचा श्वास ऐकू येतो, तबल्यावर बोट घासलेलं कळतं, पेटीच्या पट्ट्यांची टकटकसुद्धा ऐकू येते. हे खोटं नाही, मीही ऐकलंय. पण हे सगळे आवाज वरच्या पट्टीतले. तो भाग थोडा उचलून धरला की 1,500 च्या जोडीतही श्वास समोर येतो, आणि फोनमधल्या इक्वलायझरनं तेच फुकटात होतं. भाजीत मीठ वाढवलं की चव उठून दिसते, त्यासाठी चांदीची कढई लागत नाही. शिवाय ध्वनिमुद्रणात जे नाहीच ते इअरफोन आणणार कुठून? केसरबाई केरकरांची जी भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांच्या जुन्या तबकडीवरची. तिची खरखर लाखाच्या जोडीत लाखमोलाची होत नाही, फक्त अधिक स्पष्ट ऐकू येते.

'जितके ड्रायव्हर (म्हणजे आतले आवाज काढणारे इवलेसे भाग) तितका आवाज मोठ्या घरचा' हाही एक समज आहे. एका कानात आठ, दहा, बारा ड्रायव्हर कोंबलेल्या जोड्या मिळतात. सेनहायझरनं 2021 साली आणलेली आयई 900 ही जोडी तेव्हा 1,299 युरोंची, आणि तिच्यात दर कानाला 7 मिलिमीटरचा एकच ड्रायव्हर आहे. पुढच्याच वर्षी मूनड्रॉप या चिनी कंपनीनं सुमारे 20 डॉलरना 'चू' विकायला काढली. तिच्यातही एकच ड्रायव्हर, 10 मिलिमीटरचा. ड्रायव्हर मोजून आवाज ठरवायचा तर या दोघींना एकाच पंगतीला बसवावं लागेल. चांदीच्या केबलबद्दल आणि 'शंभर तास वाजवल्यावर आवाज उघडतो' या दाव्याबद्दल मी फार शाई घालवणार नाही. शंभर तासांत सवय लागते ती आपल्या मेंदूला.

इथे कुणीतरी कोल्ह्याची आणि आंबट द्राक्षांची आठवण काढणारच. म्हणून कबूल करतो, ही द्राक्षं मी खाल्ली आहेत. सहा वर्षांपूर्वी 22,000 रुपयांची जोडी घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात घामानं तिच्या उजव्या बाजूचा जोड गंजला. त्या कंपनीची केबल खास तिच्याच खाचेची, आणि एकट्या केबलची किंमत ऐकून मी फोन ठेवून दिला. ती जोडी अजून कपाटात आहे, डाव्या कानापुरती.

मात्र याचा अर्थ 'दीडशेचा स्टेशनवरचा आणि दीड हजारांचा सारखाच' असा कुणी काढला तर माझा त्यालाही विरोध आहे. अगदी स्वस्तातल्या जोड्यांत खर्ज इतका फुगवलेला असतो की बायाँ आणि ढोल एकच वाटतात. डाव्या-उजव्या कानांतले आवाज जुळत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे त्या बाहेरचा गोंगाट अडवत नाहीत, म्हणून माणूस आवाज वाढवत नेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात मोठ्या माणसाला 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो. दर 3 डेसिबल वाढले की तो वेळ निम्मा होतो, म्हणजे 89 डेसिबलला उरतात फक्त पाच तास. गर्दीच्या लोकलमध्ये दीडशेच्या जोडीतून गाणं नीट ऐकायचं म्हटलं तर ते पाच तास आठवडा अर्धा सरायच्या आत संपतील. पायरी आहे, आणि ती चढावी. पण ती खाली आहे, दीड ते तीन हजारांच्या आसपास. वर आहे तो नुसता कठडा, नक्षीचा.

कठड्याचा ज्यांना खरंच उपयोग आहे असे लोकही आहेत. 1995 साली व्हॅन हेलन या रॉक बँडचा ध्वनिअभियंता जेरी हार्वी यानं ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलनसाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले, कारण स्टेजवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरांपुढे त्याच्या कानांचं मातेरं होत होतं. कानाचा साचा घेऊन घडवलेली जोडी रोज स्टेजवर घाम गाळणाऱ्याला लागते, आणि तिचे पैसे आवाजापेक्षा त्या साच्याचे असतात. 20-25 हजारांच्या वायरलेस जोड्यांचंही तसंच. तिथे आपण नॉइज कॅन्सलेशनला, माइकला, आतल्या चिपला पैसे देतो, आणि विमानाची किंवा गाडीची सलग घरघर अशी जोडी खरंच गिळते. ज्याचा रोज चार तास प्रवास आहे त्यानं जरूर घ्यावी. फक्त एवढं लक्षात ठेवावं की तिच्यात वाटाण्याएवढी बॅटरी आहे, ती काही वर्षांत थकणार आणि बहुतेक कंपन्या ती बदलून देत नाहीत.

मग पैसे कशाला द्यावेत? केबल सुटी होणारी असावी. वर सांगितलेली 'चू' या एका बाबतीत फसली होती, तिची केबल जोडलेली होती. पुढच्या आवृत्तीत कंपनीनं ती सुटी केली. घेताना खाच सर्रास मिळणारी आहे ना, हे पाहावं, म्हणजे केबल तुटली की तीन-चारशे रुपयांत भागतं. आणि उरलेलं सगळं लक्ष द्यावं ते टोकाच्या रबरी टिपकडे.

हे फार किरकोळ वाटेल. पण इन-इअर जोडी म्हणजे मुळात कानाचं बूच. बूच सैल बसलं की खर्ज बाहेर गळून जातो आणि उरतो पत्र्यासारखा आवाज. मग 1,800 काय आणि 50,000 काय. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, पण प्रत्येकाची जाडी, वळण, खोली निराळी. जोडी किती आत जाते यावर वरच्या पट्टीचा आवाज बदलतो, म्हणून एकाच्या कानात गोड लागणारी जोडी दुसऱ्याच्या कानात किरकिरते. इटिमॉटिक कंपनीच्या मीड किलियन यानं 1991 साली ईआर-4 आणली तेव्हा तिचा ड्रायव्हर श्रवणयंत्रांच्या कुळातला होता, आणि तिच्या तीन पदरी टिप कानात इतक्या खोल जात की लोक बिचकत. पण त्या खोल बसण्यामुळेच ती बाहेरचं जग बंद करायची.

माझी 1,800 ची जोडी मी पहिल्या आठवड्यात परत करायला निघालो होतो. आवाज कोरडा, तबल्याचा बायाँ जणू घरीच राहिलेला. भाच्यानं खोक्यातली प्लास्टिकची पिशवी उघडली. आत टिपचे आणखी दोन आकार होते, मी त्यांना हातही लावला नव्हता. त्यानं मला त्या एकेका कानात निरनिराळ्या लावून बघायला सांगितल्या. चौथ्या खेपेला बायाँ आला, घुमारा आणि मींड घेऊन.

मित्राला मी तेच सांगितलं, त्याच्या जोडीवर करून बघ म्हटलं. त्याच्या मखमली डबीत टिपच्या सात जोड्या निघाल्या. पाच अजून पाकिटातच होत्या.

तुमच्याही खोक्यात ती पिशवी असेल. नवी जोडी घ्यायच्या आधी ती उघडा, आणि दोन्ही कान सारखे असतील असं धरून चालू नका. माझ्या उजव्या कानात मध्यम टिप बसते, डाव्यात मोठी.