पिंजरा घ्या, मटकी नको

पक्ष्यांच्या दुकानांतली एक पद्धत बंद व्हायला हवी: जोडीवर मटकी फुकट. मुलांच्या हट्टापायी आपण दोन बजी आणायला जातो. दुकानात त्यांना सरसकट लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड वेगळे, पण असू दे. दुकानदार काही न विचारता एक निळ्या नाकाचा आणि एक तपकिरी नाकाची अशी जोडी काढतो, पिंजरा देतो, राळे आणि बाजरी बांधून देतो आणि वर बाजूला भोक पाडलेली मातीची मटकी तारेसकट हातात ठेवतो. ‘घ्या ताई, पिल्लं होतील.’ पक्ष्यांची पैदास करायची, असं घरात कुणीही ठरवलेलं नसतं. ते दुकानदाराने ठरवलेलं असतं. आपण फक्त तार वळवून मटकी टांगतो.

बजी पाळूच नका, असं मी म्हणणार नाही. मिरजेला माझ्या माहेरी बजी होते. वडील रेल्वेत फिटर. मागच्या अंगणात त्यांनी लाकडी चौकटी आणि बारीक जाळी लावून माणूस आत उभा राहील एवढं पक्षीघर बांधलं होतं. पैदासही करायचे, पण वहीत तारखा लिहून, आणि पिल्लू कुणाला द्यायचं ते ठरल्याशिवाय मटकी लावायचे नाहीत. त्यांना वेळ होता, अंगण होतं. मी डोंबिवलीत राहते. दोन खोल्या आणि हॉल, सासूबाई, आम्ही दोघं नोकरदार, दोन मुली, शिवाय वर्षातले कितीतरी महिने कुणी ना कुणी मुक्कामी. सकाळी लोकल गाठायची असते तेव्हा आमच्या घरात माणसाला माणूस दिसत नाही. या घरातही बजी आहेत. तीन, आणि तिघेही नर.

अशा गडबडीच्या घरात बजी छान राहतात. तो मुळात कळपाचा पक्षी. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात त्यांचे हजारोंचे थवे पाण्यामागे आणि गवताच्या बियांमागे फिरतात. त्यामुळे आवाजाने तो बिचकत नाही, उलट त्यात सामील होतो. आमच्याकडे मिक्सर लागला की तिघे तारस्वरात सुरू होतात. क्रिकेटची मॅच असेल तर समालोचकाला बोलू देत नाहीत. सासूबाईंच्या हरिपाठाच्या वेळी मात्र गप्प बसून मान वाकडी करतात. ही भक्ती आहे असं सासूबाईंचं मत. संध्याकाळची पेंग आहे असं माझं. बोलायलाही शिकतात. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीची १७२८ शब्दांची नोंद गिनीज बुकात आहे. आमच्यातला एक ‘चल उठ, चल उठ’ एवढंच म्हणतो, कारण या घरात सकाळी तेवढंच ऐकू येतं.

म्हणजे पाळणं जमतं. पैदास जमत नाही, आणि ती का जमत नाही हे नीट समजून घेतलं पाहिजे.

रानातला बजी वाटेल तेव्हा अंडी घालत नाही. पाऊस पडला, गवत वाढलं, बी धरलं की झाडाच्या ढोलीत घाईघाईने संसार मांडायचा आणि दुष्काळ आला की थांबायचं, असं त्याचं चालतं. भरपूर दाणा, पाणी, मोठा दिवस आणि शिरायला एक अंधारी पोकळी एवढ्या खुणा जुळल्या की मादीचं शरीर अंड्यांच्या तयारीला लागतं. आता आपला हॉल बघा. दाण्याची वाटी बारा महिने भरलेली, पाणी रोज ताजं, मालिका संपेपर्यंत ट्यूबलाइट चालू, म्हणून दिवस रात्री साडेअकराला मावळतो. त्यात ढोली म्हणून मटकी. त्या मादीच्या लेखी आपल्या घरात पाऊस थांबतच नाही. ती थांबणार कशी?

तिचं वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास. एक अंडं साधारण दोन ग्रॅमचं. एकाआड एक दिवस अशी पाच अंडी घातली तर दहा दिवसांत तिच्या अंगातून दहा ग्रॅम गेले, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. कवचाचं कॅल्शियम नुसत्या राळ्या-बाजरीतून भरून येत नाही. समुद्रफेन लागतो, उकडलेलं अंडं लागतं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर लागते. ते नसेल तर शरीर हाडांतून काढतं. मग कधीतरी कवच नीट धरत नाही आणि अंडं आतच अडकतं. मादी पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, शेपटी वरखाली करत बसते. घरच्यांना वाटतं थंडी वाजतेय. तिच्या हातात काही तास असतात. जवळपासचे बहुतेक डॉक्टर कुत्र्या-मांजरांचे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पक्षी बघतं, पण कामाच्या दिवशी डोंबिवलीहून पक्षी घेऊन परळ गाठायचं कुणी? मुलीची परीक्षा, नवऱ्याचं महिनाअखेरचं काम, माझी रजा शिल्लक नाही. कुणी क्रूर नसतं. पण त्या दिवशी घरात मोकळं कुणी नसतं, एवढंच.

सगळं सुरळीत झालं तरी हिशेब मांडा. मटकी लावल्यापासून पहिल्या अंड्यापर्यंत आठ-दहा दिवस. प्रत्येक अंड्याला अठरा दिवसांची ऊब. अंडी एकाआड एक दिवस, म्हणून पिल्लंही तशीच निघतात, आणि थोरलं अंगावर पिसांचे कोंब घेऊन बसलेलं असताना धाकटं अजून डोळे मिटलेलं असतं. पाच आठवड्यांनी पिल्लू मटकीबाहेर येतं, तरी त्याला दाणा फोडता येत नाही. आणखी आठवडा-दोन आठवडे बाप त्याला भरवतो. हा बाप बघण्यासारखा असतो. मादी अंड्यांवर असताना तिला भरवायचं, मग तिच्यामार्फत पिल्लांना, मग बाहेर पडलेल्या पिल्लांना थेट. तो वाळून जातो. सगळं मिळून अडीच-तीन महिने. या काळात दाणा-पाणी एक दिवसही चुकायला नको, मऊ खाणं दिवसातून दोनदा ताजं हवं, मटकीत रोज डोकावायला हवं. आता सांगा, अडीच-तीन महिने कुणीही गावाला जाणार नाही, कुणी आजारी पडणार नाही, लग्नकार्य निघणार नाही असा काळ तुमच्या घरात शेवटचा कधी आला होता? मे महिन्यात मटकी लावणाऱ्यांचं मला विशेष आश्चर्य वाटतं.

मटकीबद्दल एक बरी गोष्टही सांगते, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. तिचा तळ खोलगट असतो. त्यामुळे पिल्लांचे पाय पोटाखाली राहतात. सपाट तळाच्या लाकडी पेटीत पिल्लांचे पाय फाकतात आणि फाकलेले पाय वेळीच बांधले नाहीत तर तसेच राहतात. म्हणून वडील पेटीच्या तळाला वाटीसारखा खड्डा कोरून घ्यायचे. पण पेटीला दार असतं, आत बघता येतं, साफ करता येतं. मटकीच्या भोकातून आपल्याला दिसतं फार थोडं. आतलं मेलेलं पिल्लू आपल्याला वासाने कळतं.

पहिली पिल्लं बाहेर पडायच्या आतच मादी पुढच्या अंड्यांची तयारी सुरू करते, कारण मटकी जागेवरच असते. काही माद्या अशा वेळी आधीच्या पिल्लांची पिसं उपटतात, डोकी टोचतात. मग फोन येतो, ‘काकू, आमची लव्हबर्ड वेडी झालीय.’ ती वेडी झालेली नसते. तिला जागा रिकामी करून हवी असते.

हे फोन मला येतात कारण सोसायटीत पिंजरेवाली काकू मीच. दुसऱ्या प्रकारचा फोन असतो, ‘तुमच्याकडे दोन-चार ठेवून घ्या ना.’ एका जोडीने वर्षात दोनदा पाच-पाच पिल्लं दिली की दहा होतात. ती त्याच पिंजऱ्यात वाढतात, चार-पाच महिन्यांत वयात येतात आणि मग भावा-बहिणींचीच जोडी जमते. नातेवाइकांना देऊन होतात, मुलांच्या मित्रांना देऊन होतात. शेवटी ज्या दुकानातून आणली तिथेच परत, बदल्यात पिशवीभर दाणे. दुकानदार त्यांच्या जोड्या लावतो आणि सोबत मटकी देतो. फुकट ती का देतो, हे आता लक्षात आलं असेल.

तिसरा मार्ग सगळ्यात वाईट, आणि तो पुण्य समजून केला जातो: गच्चीवर जाऊन सोडून देणे. ‘मोकळं केलं हो त्यांना.’ पिवळाधमक किंवा पांढराशुभ्र, पिंजऱ्यात जन्मलेला, कावळा म्हणजे काय हे न शिकलेला पक्षी डोंबिवलीच्या आकाशात किती वेळ टिकेल? हा इथला पक्षी नाही. जॉन गूल्डने तो १८४० मध्ये जिवंत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून माणसाने त्याला पिंजऱ्यात वाढवून निळा, पिवळा, पांढरा केला. रानात तो हिरवाच असतो, आणि त्याला कारण आहे. आपला रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं हा १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे आणि असायलाच हवा. बजीला तो कायदा लागू नाही, म्हणूनच त्याचं कुणी काही बघत नाही. २०१८च्या नियमांप्रमाणे पाळीव प्राणी-पक्ष्यांच्या दुकानांनी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर ते प्रमाणपत्र दाखवा म्हणावं. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो.

‘पण मुलांना शिकायला मिळतं,’ असं आईवडील म्हणतात. अंड्यातून जीव बाहेर येताना बघणं मोठी गोष्ट आहे, नाही म्हणत नाही. मी मिरजेला ते पाहिलंय. पण मिरजेला ते दाखवायला एक माणूस रोज तासभर तिथे उभा असायचा. तो नसेल तर मूल काय शिकतं? की पिल्लं होतात, मरतात, उरलेली दुकानात देऊन टाकायची.

मुलांना शिकवायचंच असेल तर सांभाळणं शिकवा, त्यात पुष्कळ आहे. पिंजरा स्वयंपाकघरात नाही, हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून. नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून तापला तर त्याचा धूर आपल्याला जाणवतही नाही आणि पक्षी काही मिनिटांत मरतो. आमच्या घरात म्हणून बिडाचा तवा आहे, आणि डोसे छान सुटतात. कासवछाप धूर, धूप, उदबत्ती पिंजऱ्यापासून लांब. पक्षी बाहेर सोडायचा तर आधी छताचा पंखा बंद आणि बटणावर चिकटपट्टी, कारण घरात कुणीतरी सवयीने बटण दाबणारच. रात्री नऊला पिंजऱ्यावर जुनं धोतर, म्हणजे त्यांना दहा-बारा तास अंधार मिळतो. विष्ठा कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. घरात दम्याचं माणूस असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं. आमच्या धाकटीकडे धोतराचं खातं आहे आणि ती ते एखाद्या अधिकाऱ्याच्या थाटात सांभाळते.

आणि आणायचे तर दोन नर आणा. मोठ्या नराच्या चोचीवरची, नाकपुड्यांभोवतीची पट्टी निळी असते, मादीची तपकिरी किंवा फिकट. पिवळ्या आणि पांढऱ्या नरांची मात्र गुलाबीच राहते, तिथे फसायला होतं. दुकानदार सांगेल की नर-मादीच हवेत, नाहीतर मरतात. धादांत खोटं. दोन नर एकमेकांना भरवतात, पिसं साफ करतात, दिवसभर गप्पा मारतात. नर-मादी आधीच घरात असतील तरी हरकत नाही. मटकी नसली तर बहुतेक माद्या अंडी घालत नाहीत. एखादी दाण्याच्या वाटीत घालतेच. तिच्यासाठी वाटी लहान करा, दिवस लहान करा आणि मऊ खाणं थांबवा.

ज्यांना खरंच पैदास करायची आहे त्यांनी जरूर करावी. मादी वर्षाची होऊ द्यावी, वर्षात दोनदाच, मध्ये मटकी उतरवून ठेवावी, आणि पिल्लांची घरं आधी पक्की असावीत. ते काम आहे आणि ते करणारी माणसं मला ठाऊक आहेत. त्यांच्यापैकी एकानेही मटकी फुकट मिळाली म्हणून सुरुवात केलेली नाही.

तुमच्या गॅलरीत मटकी टांगलेली असेल तर या रविवारी आत बघा. रिकामी असेल तर तिथल्या तिथे उतरवा. अंडी किंवा पिल्लं असतील तर तिला हात लावू नका, समुद्रफेन आणून ठेवा, शेवटचं पिल्लू स्वतः दाणा फोडेपर्यंत थांबा, आणि मग उतरवा.