एसी द्या, पण पाना आमच्याकडे राहू द्या

प्रति,
मा. नितीन गडकरी, केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
आणि पिकअप बनवणाऱ्या कंपन्यांचे सर्व कारभारी



हे पत्र बाळापुरातून लिहितोय. गडकरी साहेब, नागपूरहून मुंबईकडे निघालं की अकोला मागे पडल्यावर आणि खामगाव यायच्या आधी जे गाव लागतं, ते आमचं. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा किल्ला आपल्याला ठाऊक असेलच. इथला शेतमाल पिकअपवर हलतो. सोयाबीनचे कट्टे, कापूस, ढेप, पहाटेचा भाजीपाला, लग्नाचा मंडप, सगळं त्याच हौद्यात. एका पिकअपच्या कमाईवर दोन-तीन घरं उभी असतात.

आधी एसीचं बोलतो, कारण त्याला उधळपट्टी म्हणणारे लोक अजून आहेत. मे २०२४ मध्ये उन्हामुळे अकोला जिल्ह्यात प्रशासनाला कलम १४४ लावावं लागलं होतं. तशा दुपारी इंजिनाच्या डोक्यावर बसून गाडी हाकणाऱ्या पोराला कुणी सावलीत बसायला सांगत नाही. आपण २०२३ मध्येच जाहीर कार्यक्रमात म्हणाला होतात की, त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अंशात गाडी चालवणाऱ्यांची अवस्था समजून घ्या, खर्च वाढेल म्हणून विरोध झाला तरी केबिनला एसी आणणारच. शब्द पाळलात. २०२५ मध्ये नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. फक्त तो नियम एन-२ आणि एन-३ गटाला आहे, म्हणजे भरलेलं वजन साडेतीन टनांच्या वर जाणाऱ्या गाड्यांना. आमच्या पिकअप त्या रेषेच्या खाली राहिल्या. ऊन काय वजनकाट्यावर गाडी चढवून मग लागतं का?

आता कंपन्यांकडे वळतो. शोरूममध्ये एसी मागितला की वरचं मॉडेल दाखवतात. त्यात एसीबरोबर डॅशबोर्डवर स्क्रीनचा पडदा येतो, मोबाइलला जोडणारं अ‍ॅप येतं, गाडी कुठे आहे ते घरबसल्या दिसतं. ज्याच्या दहा गाड्या मुंबई-पुण्यात फिरतात, त्याला अ‍ॅपचा उपयोग आहे, नाही म्हणत नाही. आमची गाडी कुठे आहे ते चहाच्या टपरीवर विचारलं तरी कळतं. गारवा आणि पडदा एकाच गाठोड्यात बांधून विकू नका, एवढंच म्हणणं.

पण पडदा बंद पडला तरी गाडी चालते. खरं दुखणं बॉनेटखाली आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. धूर कमी व्हायलाच हवा होता, त्या नियमाविरुद्ध माझी तक्रार नाही. त्याबरोबर सेन्सर आले, काजळी अडवणारी डीपीएफची गाळणी आली. ही गाळणी स्वतःची काजळी जाळून साफ होते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगानं धावायला लागते. पांदणीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरवर निघायचं, गावात थांबत थांबत माल उतरवायचा आणि परत फिरायचं, अशा गाडीची काजळी कधी जळणार? काळ्या मातीचा चिखल आणि खारपाणपट्ट्यातले रस्ते पाहून ही गाडी कुणी बेतली असेल, असं वाटत नाही.

गेल्या सोयाबीनच्या हंगामात आमच्या भरल्या गाडीवर इंजिनाचं पिवळं चित्र पेटलं आणि पिकअपनं पिकअप सोडला. कितीही रेस दिली तरी गाडी बैलगाडीच्या पुढे जाईना. आमच्या मिस्त्रीनं डिझेल बघितलं, फिल्टर बघितला, कान लावून इंजिन ऐकलं. म्हणाला, "भाऊ, इंजिन ठणठणीत हाय, पण काम्प्युटर आयकत नाई." गाडी टोचन करून अकोल्याला नेली, माल दुसऱ्याच्या गाडीत गेला. स्कॅनर लागल्यावर निघालं काय, तर उंदरानं कुरतडलेली सेन्सरची वायर. ती जोडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही, सगळा वेळ गेला रांगेत. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात त्या पिवळ्या चित्रापुढे एकच सल्ला आहे, अधिकृत केंद्राशी संपर्क साधा. तोही इंग्रजीत.

हे काही आमचंच रडगाणं नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि बिघाड शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत, हा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. आमच्या मिस्त्रीच्या हातात अजून पानाच आहे, स्कॅनर नाही.

साधी गाडी कुणी घेत नाही, असं म्हणू नका. टाटांनी २००५ च्या मे महिन्यात दोन सिलिंडरची, ७०२ सीसीची एस आणली. लोकांनी तिला छोटा हत्ती म्हणून घरचीच करून टाकली. टोयोटानं २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडमध्ये हायलक्स चॅम्प काढली, हौद्याला आयती बोल्टची भोकं ठेवली, म्हणजे गावातला कारागीर हवं ते बसवेल. अमेरिकेत स्लेट नावाच्या कंपनीनं २०२५ मध्ये हातानं काच फिरवायची, पडदा नसलेली पिकअप दाखवली. ती मात्र विजेवरची आहे. म्हणजे साधेपणाचं जुन्या इंजिनाशी लग्न लागलेलं नाही.

साहेब, ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत आपल्या खात्यानं अमरावती ते अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम केला. त्याच महामार्गावर अकोल्याच्या अलीकडे आमची गाडी दोरीच्या टोकाला बांधून न्यावी लागते. साडेतीन टनांखालच्या गाड्यांनाही एसीच्या नियमात घ्या. आणि ज्या कंपनीला पिकअप विकायचा परवाना हवा, तिनं बिघाडाच्या खुणांची पूर्ण यादी मराठीत छापावी आणि साधा स्कॅनर तालुक्याच्या कुठल्याही गॅरेजवाल्याला वाजवी किमतीत रोख विकावा, अशी अट घाला. कंपन्यांना आधी स्वतःहून करायचं असेल तर सोयाबीनचा हंगाम सुरू व्हायच्या आत करावं.

आपला,
बाळापूरचा एक पिकअपमालक