पाथरीचा हक्क आणि साईबाबांचे जन्मस्थळ

जानेवारी २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी परभणी जिल्ह्यातील पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपये जाहीर केले व पाथरीचा उल्लेख साईबाबांचे जन्मस्थळ म्हणून केला. शिर्डीकरांचा राग रकमेवर नव्हता, त्या एका शब्दावर होता. १९ जानेवारीस शिर्डी बंद झाली. समाधिमंदिर उघडे होते, बाजारपेठ मिटलेली होती. दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक होऊन शब्द मागे घेण्यात आला, निधी मात्र द्यावयाचा ठरले.

जन्मस्थळाच्या वादात दोन्ही पक्षांजवळ सांगण्यासारखे आहे. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या 'श्रीसाईसच्चरिता'त बाबांचे आईबाप, गाव, जात यांविषयी निश्चित असे काहीच सांगितलेले नाही. पाथरीचा पक्ष म्हाळसापती या निकटच्या भक्ताच्या सांगण्यावर आणि वि. बी. खेर यांनी १९७० नंतरच्या दशकात केलेल्या शोधावर उभा आहे. खेरांनी भुसारी घराण्याच्या पडक्या वाड्यापर्यंत माग काढला. पुढे त्याच जागी मंदिर उभे राहून १९९९ साली ते भाविकांसाठी खुले झाले. हा पुरावा श्रद्धेस पुरेसा आहे, इतिहासास तितकासा नाही. ज्या पुरुषाने आपली जात व कुळ यांचा पत्ता हयातभर कोणास लागू दिला नाही, त्याच्या जन्माचा दाखला शासनाने द्यावा, हेच मुळात विपरीत होय.

गंमत अशी की, नगर आणि पाथरी यांच्यातील हे भांडण पहिले नव्हे. अहमदनगरच्या निजामशहांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते, असे फेरिस्ताने लिहून ठेवले आहे. या पूर्वजांच्या गावासाठीच निजामशहा आणि वऱ्हाडचा इमादशहा यांच्यात लढाई जुंपली होती. त्या वेळी प्रश्न वतनाचा होता. आजचा प्रश्नही एका अर्थाने वतनाचाच आहे. शिर्डीची दुकाने, निवासस्थाने, फुलवाले, रिक्षावाले यात्रेकरूंवर जगतात. तेथे २००९ मध्ये रेल्वे आली, २०१७ मध्ये विमानतळ आला. पाथरीस रेल्वे नाही, मानवत रोड हे जवळचे स्थानक. बाबांच्या हयातीत पाथरी निजामाच्या राज्यात व शिर्डी ब्रिटिश मुलखात होती, आणि त्या सीमेचा परिणाम १९४८ नंतरही रस्ते, शाळा, सिंचन यांच्या हिशेबात उरलाच. गोदावरीचे पाणी वरच्या धरणांत किती अडवावे व जायकवाडीस किती सोडावे, हा नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यातील वाद तर दर दुष्काळात न्यायालयाच्या दारी जातो.

म्हणूनच खटकते ते हे की, तालुक्याच्या गावास रस्ता, पाणी, भक्तनिवास मिळण्यासाठी आधी एखाद्या सत्पुरुषाचा जन्म सिद्ध करावा लागावा. पाथरीला साईबाबा तरी आहेत. शेजारच्या ज्या गावांत कोणीच जन्मले नाही त्यांनी काय सांगावे? अनुशेष मोजण्याची निराळी रीत महाराष्ट्राने स्वीकारली होती. दांडेकर समितीने १९८४ साली सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा खात्यांनुसार जिल्ह्यांची तूट रुपयांत मांडली. तिच्यामागून घटनेच्या ३७१ (२) या कलमाखाली १९९४ मध्ये मराठवाड्यासह तीन वैधानिक विकास मंडळे आली. मंडळांना अधिकार तोकडे होते, हे खरे. पण तेथे हक्क आकड्यांवर सांगता येई, आख्यायिकेवर नव्हे. शिर्डी बंदनंतर साडेतीन महिनेही उलटले नसतील, ३० एप्रिल २०२० रोजी या मंडळांची मुदत संपली. तिच्यासाठी कोणत्याही गावाने बाजारपेठ बंद ठेवली नाही.